तुला कोरबान

तम्मूझ महिना, शब्बाथनंतरचा दिवस

आजपासून खापरीवर लिहायचं. इतकी वर्षं आमच्या दगडी भांड्यांच्या कारखान्यातल्या चुनखडीच्या चपट्या कपच्यांवर लिहीत आले. पांढऱ्या, गुळगुळीत, शाई कशी छान धरायच्या. पण हे गेले, कारखाना आता मनाहेमचा, दगड त्याचा, दगडाची कपचीही त्याचीच, आणि त्याचं जे जे काही आहे ते मला कोरबान, देवाला वाहिल्यासारखं वर्ज्य. पोटच्या पोराने चार माणसांसमोर सांगितलंय. म्हणून समोरच्या तेलवाल्या अझर्याच्या फुटक्या बुधल्याची खापरी उचलून आणली. खरबरीत आहे मेली. अक्षर वेडंवाकडं आलं तर त्याचं पाप पोराच्या माथी.

काल शब्बाथचं जेवण होतं. ह्यांच्या चुलतभावाकडची मंडळी आलेली. सुनेने, शापिराने, मसुराची आमटी केली होती. बोलता बोलता त्या मंडळींनी विचारलं, घरात पाळणा कधी हलणार? मी काय खोटं बोलू? वल्हांडणाच्या सणाआधी हिला मेलेलं मूल झालं, त्यानंतर काही नाही. मी मनाहेमला म्हटलं, "बाबा रे, पडीक रानात किती बी टाकशील? दुसरी कर. बापाचं नाव बुडवू नकोस." एवढंच. कुठली आई हे म्हणत नाही? माझी सासू माझ्या तोंडावर याहून वाईट बोलायची, आणि मी तिचे पाय चेपायची.

शापिरा वाढायचं सोडून आत गेली. मनाहेम उठला. ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, "आई, आजपासून माझ्याकडून तुला जे काही मिळेल ते सगळं कोरबान."

माझ्या तोंडात त्याच्या घरच्या भाकरीचा घास होता. तो मी तिथेच काढला, ताटात ठेवला आणि उठले. चावला असता तर वेदीवरची वस्तू खाल्ल्याचं पाप. चुलतभावाची बायको माझ्याकडे अशी बघत होती की जशी काही मीच कुणाचा खून केलाय.

आणि गंमत बघा. वेदीवर काही जात नाही. मेंढरू गोठ्यात, पीठ रांजणात, सगळं जागच्या जागी. फक्त आईने त्याला शिवायचं नाही. देवाचं नाव घेऊन आईला हाकलायची ही सोय कुणी काढली, त्याच्या जिभेला किडे पडोत.

तम्मूझ, आठवडाभराने

कोपऱ्यातली खोली माझ्या बापाने लग्नात माझ्या नावे करून दिलेली, म्हणून डोक्यावर छप्पर तरी आहे. अंगण आमचं आणि अझर्याचं सामाईक, त्यामुळे चालायला हरकत नाही. पण अंगणातलं टाकं ह्यांनी खोदलेलं, म्हणजे आता मनाहेमचं. म्हणून मी रोज शिलोहाच्या तळ्यावर जाते. उतरताना गुडघे बोंबलतात, चढताना कंबर.

आज पायऱ्यांवर शापिरा भेटली. तिचीही घागर भरलेली. घरात टाकं असताना ही बया तळ्यावर कशाला येते? माझी फजिती बघायला, दुसरं काय. मी तोंड फिरवलं. तिने काही न बोलता माझी घागर उचलली आणि वरपर्यंत आणून दिली. मी तिला सांगितलं, "तुझ्या नवऱ्याच्या बायकोने उचललेली घागर मला चालते की नाही, ते शास्त्र्याला विचारावं लागेल." ती म्हणाली, "विचारा, आत्याबाई. तोवर पाणी प्या."

गालीलची पोरं ही अशीच. तोंडाला तोंड.

आब महिना

साठवलेलं जव संपलं. दोन दिवस अंजीर आणि कांद्यावर काढले. कुणापुढे हात पसरायचा नाही हे ठरवलंय. लेकाचा कारखाना डोळ्यांसमोर दणदण चालू, याजकांच्या घरी त्याचे दगडी गडू जातात, कारण दगडाला विटाळ लागत नाही. आणि त्याची आई कांदा खाते.

आज सकाळी अझर्या दारात. हातात पिठाची पिशवी, तेलाचा बुधला. म्हणाला, "मार्थावहिनी, हे ठेवून घ्या."

हा अझर्या! माप देताना अंगठा आत बुडवणारा, एक थेंब सांडला तर बोटाने पुसून डोक्याला लावणारा. मी विचारलं, "का हो भावजी, आज ऊन डोक्यावर चढलं?"

"घ्या हो. फुकट आहे."

"फुकट? तुम्ही?"

तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मला जास्त विचारू नका, वहिनी. मला सांगता येत नाही." आणि पळाला.

बायको जाऊन दोन वर्षं झाली त्याला. माझ्या सगळं ध्यानात आलं. या वयात! मला हसावं की त्याच्याच बुधल्याने त्याला बडवावं कळेना. पीठ मात्र ठेवून घेतलं. बारीक दळलेलं होतं, आमच्या घरी असतं तसं.

आब, शब्बाथच्या आदल्या दिवशी

अझर्या पुन्हा आला. मसूर, वाळलेले अंजीर आणि मासा. मासा! मी दारातच सांगून टाकलं, "भावजी, तुमच्या मनात जे काय आहे ते काढून टाका. माझे केस पिकलेत आणि मला आता कुणाचे पाय चेपायचे नाहीत."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "अहो वहिनी, देवाशप्पथ, तसलं काही नाही!"

"मग काय आहे?"

"ते मला सांगता येत नाही."

चोराच्या मनात चांदणं. मासा चांगला होता.

मनाहेम मात्र अलीकडे सारखा अझर्याच्या दुकानातून बाहेर पडताना दिसतो. काल दिसला, परवाही. माझ्याकडे बघितलं की मान खाली. तिथे बसून माझीच निंदा करत असणार. करू दे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आब संपत आला

आज यद्दुआ शास्त्र्यांकडे गेले. म्हातारा आहे, ऐकू कमी येतं, पण बोललेला शब्द कसा सोडवायचा ते शहरात त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक नाही. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असा शब्द दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडवता येत नाही, आईच्याही नाही. ज्याने बांधलं त्यानेच यावं आणि पस्तावलो म्हणावं. मग मी सुटायचं दार शोधीन."

"पस्तावलो म्हणायला त्याच्या जिभेला काय झालं?"

"आला होता तो."

मी विचारलं, "कधी?"

"दोनदा. मी विचारलं, बाबा, आई उपाशी राहील हे आधी कळलं असतं तर बोलला असतास का? तो म्हणाला, उपाशी राहणार नाही याची तजवीज मी केली आहे. मग विचारलं, पस्तावलास? म्हणाला, नाही. खोटं बोलला असता तर सोडवलं असतं. पण तुमचा मुलगा खोटं बोलत नाही."

तजवीज! ऐका! कसली तजवीज? कांद्याची? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शास्त्र्यांसमोर बसून धडधडीत थापा, आणि वर म्हणे खोटं बोलत नाही. अझर्यासारख्या परक्या चिकट माणसाला दया आली, आणि हा म्हणतो तजवीज केली.

शास्त्री म्हणाले, "कोरबान या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे का बाई? माणसाला जवळ नेतं ते."

मी म्हटलं, "ठाऊक आहे. माझा बाप लेखनिक होता. मला अर्थ नकोत, माझं पोर हवंय." असं म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

मग त्यांनी विचारलं, "तो बोलला, त्याच्या आधी तुम्ही काय बोलला होतात?" मी सांगितलं, विशेष काही नाही, सुनेबद्दल आपलं नेहमीचं. त्यांनी शब्दन्‌शब्द वदवून घेतला. मग बराच वेळ दाढी चोळत बसले. ऐकू आलं नसेल.

एलूल

काही नाही. गुडघे.

एलूल, शेवटचे दिवस

यरीहोहून भावाचा निरोप आला. मत्तथ्या म्हणतो, ये, खजुरीच्या बागेत एक खोली रिकामी आहे, मांडवांच्या सणाला आमचा तांडा येईल, त्यांच्याबरोबर कायमची निघ. मी हो कळवलं. या अंगणात पोराची हातोडी ऐकत आणि अझर्याचे मासे खात मरायचं नाही मला. सणाच्या शेवटी तांडा परतेल, मी गाढवावर. मग शोधा म्हणावं आईला. गेलेली आई काही मेंढरू नाही, कोरबान म्हणून दोरीला बांधून ठेवायला.

अझर्याला सांगितलं. त्याने हातातलं माप खाली ठेवलं. "वहिनी, असं करू नका." मी म्हटलं, "भावजी, तुम्हाला दुसरी कुणी मिळेल." तो कपाळावर हात मारून आत गेला. थोड्या वेळाने तो मनाहेमच्या कारखान्यात शिरताना दिसला. हातोडी थांबली. मग बराच वेळ सुरूच झाली नाही.

तिश्री, प्रायश्चित्ताचा दिवस

आज सगळ्यांनाच उपास, त्यामुळे घासाचा प्रश्न नव्हता. आजच्या दिवशी माणसं एकमेकांच्या दारी जातात, चुकलं माकलं म्हणतात. मी सकाळपासून दार उघडं ठेवून बसले. म्हटलं येईल. समोर त्याचंही दार उघडं होतं. तो उंबऱ्यात बसला होता, मी माझ्या उंबऱ्यात. मधे अंगण. दिवस कलला तरी बेट्याने जागचं हलायचं नाव घेतलं नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. बापावर गेलाय, दुसरं काय.

मांडवांचा सण, तिसरा दिवस

मंदिरात गेले होते. गर्दी म्हणजे काय, पाय ठेवायला जागा नाही. बायकांच्या अंगणातून वेशीतून आतलं थोडं दिसतं. आणि दिसलाच. मनाहेम, मेंढा घेऊन. शांत्यर्पणाचा. चांगला, ठसठशीत, कुठे खोड नाही. दर वर्षी ह्यांच्याबरोबर आम्ही सगळे जायचो.

मेंढ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकायचा असतो. लोक टाकतात आणि बाजूला होतात, मागे रांग असते. हा टाकून उभाच. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. शेवटी मंदिरातल्या लेवी सेवेकऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा हलला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "कुणाचा आहे हो, किती मनापासून करतोय." मी म्हटलं, "कुणाचा का असेना. देवाला दाखवायला सगळ्यांनाच येतं."

रक्त वेदीला गेलं, चरबी जळाली, ऊर आणि उजवी मांडी याजकाची. बाकीचं मांस घरी न्यायचं आणि खायचं. देवाने आपला वाटा घेतला की उरलेलं माणसांनी एकत्र बसून संपवायचं, हा रिवाज. कुणाबरोबर बसेल हा? आईला यरीहोला पाठवतोय.

घरी येऊन बोचकं बांधलं.

चौथा दिवस

रात्रीच लिहायला बसले. रागाने. आणि पोट जड झालंय.

शापिराचा भाऊ आणि त्याची माणसं गालीलहून येणार होती. तिथे ताप पसरलाय, कुणीच आलं नाही. कालपासून घरात अख्खा मेंढा आणि खाणारी माणसं दोन. अझर्याला बोलावलं, तर त्याच्या तोंडात चार दात. शांत्यर्पणाचं मांस काल आणि आज, आजचा सूर्य मावळेपर्यंतच खायचं. उरलं की जाळायचं, आणि मुद्दाम उरवलं तर मोठं पाप. हे सगळं मला माझ्या खोलीत बसून ऐकू येत होतं, कारण अझर्या बहिऱ्यासारखा मोठमोठ्याने बोलतो.

दुपारी शापिरा दारात. पदर खोचलेला. म्हणाली, "आत्याबाई, जेवायला चला."

"वेड लागलं का तुला? मला कोरबान आहे."

"होय. कोरबानच आहे. खरंखुरं." तिचा आवाज चढला. "काल वेदीपाशी देऊन टाकलं त्याने. त्याचं राहिलंच कुठे ते मांस? देवाचं आहे. देवाच्या पंगतीला कुणी बसायचं आणि कुणी नाही, हे सांगणारा मनाहेम कोण?"

मी म्हटलं, "हे तुला शास्त्र्यांनी शिकवलं?"

"मला कुणी शिकवलं नाही. मला रात्रभर झोप नाही, म्हणून सुचलं. मांडव अझर्याकाकांनी बांधलाय, त्यांच्या वाटणीच्या अंगणात. हंडी माझ्या माहेरची. लाकडं मी आणली. मीठ काकांचं. त्याचं तिथे काही नाही."

"आणि तू कशाला एवढी धडपडतेस? मी तुला काय बोलले ते विसरलीस?"

"नाही विसरले," ती म्हणाली. "मला तुमचा इतका राग आहे की तुमच्या अंगावर ही हंडी ओतावीशी वाटते. पण मांस उरतंय. आणि तुम्ही यरीहोला गेलात तर तो काम टाकून त्या उंबऱ्यात बसून राहील जन्मभर. मला तसला नवरा नको."

अशी बोलते सुनेची जात! पण सांगते, पहिल्यांदाच ती मला माणसासारखी बोलली. मी उठले.

मांडवात मनाहेम बसला होता. मला बघून उभा राहिला. त्याला माझ्या पानात काही वाढता येईना, पाण्याचा गडू पुढे करता येईना, बसायला चटई सरकवता येईना. नुसता हात लोंबकळवत उभा. शेवटी अझर्या ओरडला, "अरे बस ना बाबा खाली, देवाची हंडी आहे, ज्याने त्याने हाताने घ्या!" मी हंडीत हात घातला. त्यानेही घातला. चार महिन्यांनी एका भांड्यातून. मी मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला, तर त्याने तो परत माझ्याकडे सरकवला आणि दचकून हात मागे घेतला, की हे चालतं की नाही. मला हसू आलं आणि त्याचाच राग आला.

 नुसतं चावणं. अझर्या रस्सा पीत होता. मी म्हटलं, "भावजी, तुमच्या पिठाची भाकरी असती तर बरं झालं असतं." तर अझर्याला ठसका लागला आणि मनाहेम जमिनीकडे बघू लागला. काय झालं ते मला कळलं नाही.

मी पोट फुटेस्तोवर खाल्लं. सूर्य वरच्या पेठेतल्या माड्यांना टेकला तेव्हा हंडीत हाडं उरली. आता उठायचं होतं. सूर्य बुडाला की देवाची पंगत उठली आणि मी पुन्हा परकी. चार दिवसांनी तांडा निघणार. एवढा वेळ बसून काहीच न बोलता उठायचं, ते बरं दिसेना. म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून मी शापिराला विचारलं, "सुईण म्हणाली होती, मुलगी होती म्हणून. नाव काही ठरवलं होतंत का?"

ती हाडं गोळा करत होती. थांबली.

"मार्था," ती म्हणाली.

मी भडकले. "काय गं? मैत्रीण लागून गेले का मी तुझी? सासूला नावाने हाक मारतेस? आत्याबाई म्हणायला जीभ झिजते?"

 अझर्या मांडवाच्या फांद्यांकडे बघत बसला. शापिराचे हात हंडीतच होते. मनाहेमने तोंड फिरवलं, आणि मला त्याची पाठ दिसली, हलत होती.

मग माझ्या डोक्यात शिरलं.

मी मनाहेमला म्हटलं, "अरे मेल्या, नुसतं कोरबान म्हणालास? हातोडी घालायचीस माझ्या डोक्यात." 

तो म्हणाला, "आई, मी उद्या शास्त्र्यांकडे जातो."

"उद्या कशाला? त्यांचं घर काय यरीहोला आहे? आत्ता जा."

चपला न घालता गेला. अझर्या त्याच्या मागे चपला घेऊन पळाला.

मी आणि शापिरा राहिलो. मी तिच्या हातातून हंडी घेतली. सहा महिने! सहा महिने या अंगणात तीन माणसांना ठाऊक होतं की पोरीला माझं नाव द्यायचं होतं, त्या तेलवाल्यालासुद्धा, आणि मला कुणी सांगितलं नाही. कुणी तोंड उघडलं असतं तर मी असं बोलले असते का? आता कुणावर चिडावं तेच कळेना, म्हणून राख घेतली आणि तिच्या माहेरची हंडी घासायला बसले. ती म्हणाली, "आत्याबाई, पुरे, तिला भोक पडेल." मी म्हटलं, पडू दे.